पोस्टकार्डावरची धूळ

अम्मींना दम लागू लागला तो मागच्या हिवाळ्यात. आधी आम्ही सर्दी म्हणून सोडून दिले. मग कफ म्हणून अडुळशाचा काढा दिला. जिना चढताना त्या चौथ्या पायरीवर बसू लागल्या तेव्हा कुठे दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावले, यंत्रातून निघालेली रेघ पाहिली आणि विचारले, "आजी, बिडी, तंबाखू?" अम्मींनी कानाला हात लावले. "मग चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला?" अम्मी म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हापासून. चाळीस वर्षं तरी धरा." डॉक्टरांनी मान हलवली आणि तोंडात फवारा मारायचे औषध लिहून दिले. रिक्षात बसल्यावर अम्मी आम्हाला म्हणाल्या, "बेटा, बिडी विचारली ते समजलं. पण चूल कशाला विचारली?"

आम्ही भाषेचे शिक्षक. आठवीला उर्दू आणि मराठी शिकवतो. रसायनशास्त्राशी आमचा संबंध बारावीत सुटला. त्यामुळे त्या दिवशी अम्मींना धड उत्तर देता आले नाही. आज जे लिहीत आहोत ते त्या उत्तराच्या मागे वर्षभर फिरून गोळा केलेले आहे. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मदत केली, आणि मुलांनी तर फारच.

सुरुवात वर्गात झाली ती शब्दांवरून. उर्दूत गर्द, गुबार, खाक, धुआँ. मराठीत धूळ, धुरळा, फुफाटा, काजळी, राख. फळ्यावर दोन रांगा केल्या आणि कोणता शब्द कुठे वापरतात ते मुलांना विचारले. फुफाटा म्हणजे एप्रिल-मेमध्ये पांदणीत पाय पोळतो तो, हे सगळ्यांना ठाऊक. काजळी कंदिलाच्या काचेवरची, हे निम्म्यांनाच ठाऊक, कारण कंदील आता कुणाच्या घरी नाही. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, पण हवेत जी असते ती यातली कोणती?" प्रश्न सरळ होता. उत्तर आमच्याजवळ नव्हते.

मग आम्ही पन्नास पैशांची बारा पोस्टकार्डे आणली. प्रत्येकाच्या कोऱ्या बाजूला व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला आणि मुलांना वाटून दिली. एक चूल असलेल्या स्वयंपाकघरात, एक गॅस असलेल्या स्वयंपाकघरात, एक नागपूर-हैदराबाद महामार्गाकडेच्या पंक्चरच्या दुकानात, एक शाळेच्या गच्चीवर, एक कापसाच्या जिनिंगजवळच्या घराच्या खिडकीत, एक शेतात, जिथे सोयाबीनचे कुटार पडले होते. बाकीची इकडे-तिकडे. चार दिवस ठेवायची, हलवायची नाहीत, शेळीला खाऊ द्यायची नाहीत. एक शेळीने खाल्लेच.

अकरा कार्डे परत आली. शाळेच्या एकुलत्या एका सूक्ष्मदर्शकाखाली ती धरली तेव्हा मुलांचा गलका आवरेना. जिनिंगजवळच्या कार्डावर पीळ पडलेल्या फितीसारखे धागे होते. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकातून तसाच दिसतो. शेतातल्या कार्डावर मातीचे तपकिरी, काही काचेसारखे पारदर्शक कण आणि सोयाबीनच्या शेंगांची लव. महामार्गावरचे कार्ड काळपट, चिकट. आणि चुलीजवळचे कार्ड नुसते काळे. त्यात कण असे वेगळे दिसतच नव्हते, नुसती काजळी.

एका मुलाने घरून लोहचुंबक आणले होते. कागदाखालून फिरवताच गच्चीवरच्या कार्डावरून खरवडलेल्या धुळीतले काही कण उठून उभे राहिले. "सर, लोखंड! म्हणजे कारखान्यातून आलं!" आम्हालाही तसेच वाटले. विज्ञानाच्या सरांनी मात्र शेजारच्या शेतातली मूठभर काळी माती मागवली, वाळवली आणि तिच्यावर चुंबक फिरवले. तिच्यातलेही कण उठले. आपली माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे आणि त्या खडकात मॅग्नेटाइट असते, म्हणजे लोहाचे खनिज. चुनखडीचेही तेच. कार्डावरच्या धुळीवर सिरक्याचा थेंब टाकला तर बुडबुडे येतात, पण तो चुना बांधकामावरचा की शेतातल्या मातीतला, हे बुडबुडा सांगत नाही. लोह सापडले म्हणून चोर सापडला असे होत नाही, हे मुलांना पटायला वेळ लागला. खरे सांगायचे तर त्यांचा हिरमोड झाला.

दुसरी अडचण याहून मोठी होती. व्हॅसलिनवर चिकटते ती जड धूळ, जी आपोआप खाली बसते. नाकातले केस आणि घशातला कफ तिला बरीचशी अडवतातही. फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात ते कण अडीच मायक्रॉनहून बारीक, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे. ते खाली बसतच नाहीत. दिवस-दिवस तरंगतात, वाऱ्याबरोबर शेकडो कोस जातात, आणि पोस्टकार्डाला चुकवून पुढे निघून जातात. उन्हाच्या कवडशात आपल्याला जे नाचताना दिसतात ते तर त्यांच्या मानाने धोंडेच.

हे बारीक कण पकडायला पंप लागतो. ठरावीक वेगाने हवा ओढायची, ती गाळणीच्या गोल चकतीतून जाऊ द्यायची, आधीचे आणि नंतरचे वजन करायचे. मिळतो तो आकडा घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये सांगतात. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांप्रमाणे अडीच मायक्रॉनखालच्या कणांची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला ६० आणि वर्षाच्या सरासरीला ४० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलेली मर्यादा फार कडक आहे, २४ तासांना १५ आणि वर्षाला ५.

आठवीच्या मुलांना हे आकडे नुसते सांगून उपयोग नव्हता, म्हणून आम्ही हिशेब मांडला. माणूस दिवसाला साधारण दहा-बारा हजार लिटर हवा आत घेतो, म्हणजे दहा-बारा घनमीटर. हवेत ६० मायक्रोग्रॅम असेल तर दिवसाकाठी पोटात, चुकलो, छातीत जाते सहा-सातशे मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅमसुद्धा नाही. बारीक मिठाचे दहा-बारा दाणे मोजून घ्या, तेवढेच. एक मुलगी म्हणाली, "एवढंसंच?" तिचे बरोबर होते. एवढेसे मीठ खाल्ले तर काहीच होत नाही. म्हणून वजनापाशी थांबून चालत नाही, त्या दहा-बारा दाण्यांत काय-काय आहे ते पाहावे लागते.

चकती प्रयोगशाळेत गेली की तिचे तुकडे होतात. एक तुकडा तापवतात आणि त्यातला कार्बन मोजतात. एक शुद्ध पाण्यात भिजवतात आणि विरघळलेले क्षार मोजतात. एकावर क्ष-किरण टाकून धातू ओळखतात. नागपूरला १९५८ पासून असलेली 'नीरी' ही राष्ट्रीय संस्था हवा-पाण्याच्या अशाच कामासाठी आहे, आणि आपल्याकडून ती दोन तासांच्या अंतरावर. धातू, क्षार, कार्बन यांचे एकमेकांशी प्रमाण पाहून मग उगम ओळखतात. आमच्या चुंबकाचे जे चुकले ते हेच. एकटे लोह काही सांगत नाही. लोहाबरोबर सिलिकॉन, अॅल्युमिनियम, टायटॅनियम मातीतल्या प्रमाणात असतील तर माती. लोह त्या प्रमाणाहून जास्त भरले, सोबत मँगनीज, जस्त असले, तर भट्टीकडे पाहायचे.

या यादीतली दोन नावे आम्हाला फार जवळची वाटली, कारण ती आपल्या शेतातून जातात.

एक पोटॅशियम. शेतकरी पोटॅशचे पोते आणतो, कपाशीला घालतो. झाड ते मुळांतून घेते आणि देठात साठवते. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून घरामागे रचतात आणि वर्षभर चुलीत घालतात. धुराबरोबर तेच पोटॅशियम बारीक कणांत उडते. हवेच्या चकतीवर मातीच्या हिशेबाहून जास्त पोटॅशियम दिसले की कुठेतरी लाकूड, काड्या, पाला किंवा गोवऱ्या जळत आहेत, असे शास्त्रज्ञ समजतात. राखेने भांडी घासणाऱ्या आमच्या नानीला हे नाव ठाऊक नव्हते. पण भांडे राखेने का निघते त्याचे कारण हेच, राखेतले पोटॅशचे क्षार.

दुसरे नाव अमोनियम सल्फेट. हे कुणाच्याच धुराड्यातून निघत नाही, हवेतच तयार होते. कोळसा जळला की सल्फर डायऑक्साइड वायू निघतो. युरिया टाकलेल्या शेतातून आणि गोठ्यातल्या शेणामुतातून अमोनिया वायू निघतो. दोन्ही दिसत नाहीत. हवेत ऊन आणि दमटपणा मिळाला की पहिल्याचे आम्ल बनते, त्याला दुसरा भेटतो आणि पांढरा, अतिशय बारीक क्षार तयार होतो. कृषी सेवा केंद्रात अमोनियम सल्फेट नावाने पोत्यातून मिळते, तेच हे. थंडीत नायट्रेटचाही असाच क्षार टिकून राहतो, उन्हाळ्यात तो पुन्हा वायू होऊन जातो. वर्गात एकाने विचारले, "मग सर, याचा गुन्हेगार कोण, कोळसावाला की शेतकरी?" आम्ही म्हटले, त्या दोघांची गाठ घालून देणारी हवा. मुले हसली, पण उत्तर पळवाटीचे होते हे आम्हालाही कळत होते.

कोळशाचा तर आपल्या नदीच्याच नावाशी संबंध. वर्धा खोऱ्यातला कोळसा काढण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली. आज चंद्रपूरचे औष्णिक केंद्र, नागपूरजवळचे कोराडी आणि खापरखेडा ही सगळी कोळशावर चालतात. आपल्या देशी कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का, पण राख फार, शंभर किलोत तीस-चाळीस किलोसुद्धा. राख म्हणजे सिलिका आणि अॅल्युमिना, तापून वितळलेल्या बारीक काचेच्या गोळ्या. गंधक टक्केवारीत कमी असले तरी जळणारा कोळसाच इतका की सल्फेटला तोटा पडत नाही. नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला ही शहरे केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात मोजली जातात. वर्धा त्या यादीत नाही. मात्र तरंगणाऱ्या कणांना जिल्ह्याची हद्द नाही.

आता जिनिंगचे कार्ड. ते एका मुलीने ठेवले होते. तिची आई दिवाळीपासून मार्चपर्यंत तिथे कामाला जाते. मुलीने कार्ड घरी नेऊन आईला दाखवले आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितले, "अम्मी म्हणाली, यात काय नवल, हे तर मी रोज संध्याकाळी नाकातून काढते." वर्गात कुणी हसले नाही.

कापसाची धूळ म्हणजे नुसता कापूस नव्हे. तंतूंबरोबर बोंडाच्या पाकळ्या, पानाचा चुरा, माती आणि त्यांवर वाढलेल्या जिवाणूंचे विष असते. छाती आवळते ती मुख्यतः या विषाने, असे वैद्यकशास्त्र मानते. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण अशी की आठवडी सुटीनंतर कामावर गेलेल्या पहिल्याच दिवशी छाती सगळ्यात जास्त भरते, मग आठवड्यात सवयीने कमी वाटते. म्हणून बाई म्हणते, सुटी घेतली की मी आजारी पडते, सुटी नकोच. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकेकाळी विलायतेच्या बाजारात होते, हे आम्ही मुलांना अभिमानाने सांगत आलो. ती वेचणाऱ्या-पिंजणाऱ्या बायांच्या छातीचा विषय कधी काढला नव्हता. ओढणी नाकाला बांधल्याने मोठे तंतू अडतात. बारीक धूळ तिच्यातून जाते. घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा तिला बराच अडवतो. त्या मुलीच्या आईला आम्ही दोन आणून दिले. तिने एक स्वतः वापरला आणि दुसरा मुकादमाला दिला, कारण तोही खोकत होता.

आता अम्मींच्या प्रश्नाकडे येतो. चुलीच्या धुरात काय असते? सगळ्यात जास्त कार्बन, दोन रूपांत. एक काळा, म्हणजे काजळी. दुसरा सेंद्रिय, म्हणजे अर्धवट जळालेल्या लाकडाचे तेलकट, तपकिरी पदार्थ. त्यांत बेंझोपायरीनसारखी कर्करोग करणारी रसायने असतात. वर सांगितलेल्या राष्ट्रीय मानकांत कण आणि वायूंबरोबर शिसे, आर्सेनिक, निकेल आणि हे बेंझोपायरीन धरून १२ घटक मोजले आहेत. बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना बारीक कण घनमीटरला कित्येक शे मायक्रोग्रॅम होतात. अम्मींनी त्यात रोज चार तास, चाळीस वर्षे, फुंकणीने फुंकून काढली. फुंकल्यावर माणूस खोल श्वास घेतो, तोही तिथलाच.

हे आपल्याच जिल्ह्यात फार पूर्वी कुणाच्या लक्षात आले होते. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा पाहत. धूर नळीने बाहेर काढणारी 'मगन चूल' तिथलीच. मगन संग्रहालय १९३८ पासून आहे. शाळेची सहल तिकडे दोनदा नेली, पण दोन्ही वेळा आम्ही चरख्यांपाशीच रमलो. नळीने बाईची छाती वाचते, हे खरेच मोठे काम. पण धूर नळीतून बाहेर जातो म्हणजे गल्लीत जातो. हिवाळ्याच्या संध्याकाळी जमीन लवकर गार होते, वर उबदार हवेचे झाकण बसते, आणि साऱ्या मोहल्ल्याचा धूर छपरांच्या उंचीवर आडवा पसरून राहतो. मगरिबच्या सुमारास घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने तो पाहिला आहे.

हा धूर पुढे कुठे जातो, याचा पुरावा आम्हाला फार लांब, सिंहगडावर मिळाला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे आणि स्टॉकहोम विद्यापीठाचे शास्त्रज्ञ यांनी सिंहगडाच्या माथ्यावर आणि मालदीवच्या एका बेटावर हिवाळ्यात हवा गाळली. दक्षिण आशियावर पसरणाऱ्या तपकिरी ढगातली काजळी डिझेल-कोळशाची की चुली आणि शेतातल्या आगीची, हा वाद होता. काजळी दिसायला सारखीच. त्यांनी तिच्यातला कार्बन-१४ मोजला. हा किरणोत्सारी कार्बन प्रत्येक जिवंत झाडात असतो आणि ५,७३० वर्षांत निम्मा होतो. पऱ्हाटी कालची, तिच्यात तो पुरेपूर. कोळसा आणि डिझेल कोट्यवधी वर्षांचे, त्यांच्यात तो शून्य. २००९ साली निष्कर्ष छापून आला. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे फरक पडतो, पण निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत काजळी लाकूड, गोवऱ्या, काडीकचरा जाळल्याची होती. गडाच्या माथ्यावर कुणाची चूल नाही. ती काजळी खालच्या मुलुखातून, लाखो घरांतून वर आलेली.

हे अम्मींना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या चुलीचा धूर गडावर गेला, आणि मी चौथ्या पायरीला बसते."

घरात खरा वाद झाला तो लोबानवरून. दर जुमेरातीला निखाऱ्यावर लोबान टाकायचा आणि सगळ्या खोल्यांतून फिरवायचा, ही अम्मींच्या सासूपासूनची रीत. लोबान म्हणजे झाडाचा डिंक. तो निखाऱ्यावर जळतो तेव्हा सुवासाबरोबर बारीक सेंद्रिय कणही निघतात, उदबत्तीसारखेच. निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड वेगळा. बंद खोलीत दमेकऱ्याला तो सोसत नाही. आमच्या घरातून सांगून झाले, मुलांनी सांगून झाले. अम्मींचे म्हणणे एकच, "सुवास बंद केला तर घर घर वाटत नाही." शेवटी लोबानदान अंगणात गेले, मोठ्या दाराच्या बाहेर. अम्मी आतून पाहतात. त्या खूश नाहीत, पण जुमेरातीची रात्र खोकल्याविना जाते. आमच्या एका हकीम स्नेह्यांनी यावर इब्न सीनाची आठवण काढली. युनानी वैद्यकात तब्येतीच्या सहा जरुरी गोष्टींत पहिली हवाच आहे. अम्मींना डॉक्टरांपेक्षा हे जास्त पटले.

यादी बदलता येते, याचे एक उदाहरण आम्ही वर्गात आवर्जून सांगतो. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे घालत, आणि रस्त्याकडेच्या हवेत ते सापडे. २००० सालापासून देशभर बिनशिशाचे पेट्रोल झाले आणि हवेतले शिसे उतरले. एप्रिल २०२० पासून डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत फक्त १० भाग उरले आहे. (शिशाचा विषय निघालाच आहे तर भगिनींना एक विनंती. बाजारातल्या पुष्कळ सुरम्यांत शिसे असते. लहान मुलांच्या डोळ्यांत घालण्यापूर्वी चौकशी करा.)

गॅसचे मात्र इतके सरळ नाही. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, सिलिंडर घरोघरी पोचले. आमच्या अकरा कार्डांत 'गॅस असलेले स्वयंपाकघर' म्हणून एक कार्ड होते. ते चुलीच्या कार्डाइतकेच काळे निघाले. आम्हाला वाटले, मुलाने कार्डांची अदलाबदल केली. विचारले तर तो खाली मान घालून म्हणाला, "सर, गॅस आहे. चहा त्याच्यावर होतो. भाकरी आणि पाणी तापवणं चुलीवरच. सिलिंडर तीन महिने पुरवायचं असतं." त्याच्या घरामागे पऱ्हाट्यांचा ढीग आहे, फुकटचा. आम्ही त्याला त्यावर काही बोललो नाही. वहीत त्या कार्डापुढे 'गॅस' लिहिले होते ते खोडून 'गॅस आणि चूल' असे लिहिले.

यंदाही पोस्टकार्डे आणून ठेवली आहेत. या वेळी एक अम्मींनी मागून घेतले आहे. त्यांच्या पलंगाजवळच्या खिडकीत लावायचे म्हणतात.